फोनवरचा तोतया साहेब

"खोटं वाटेल तुम्हाला, पण वीज कंपनीचा तोतया साहेब मी फोनवर रडवलाय! दरडावून म्हणाला, 'बिल थकलंय. मोबाइलवर ओटीपी आलाय तो सांगा, नाहीतर तासाभरात लाइट तोडतो.' मी म्हटलं, 'गड्या, आधी माझा मीटर नंबर तू सांग!' बोबडीच वळली त्याची. 'काका, चुकलो,' म्हणत मुळूमुळू रडायला लागला." शेजारी खो खो हसले. "तुमच्यापुढे भामटेही पाणी भरतात, काका!" मी मिशीला पीळ भरला. तेवढ्यात ऑक्सिजन मशीनची नळी नाकाला लावूनच बायको आतून दाराशी आली. "अहो, पुरे झाल्या थापा. रडत होतात ते तुम्ही. 'साहेब, हात जोडतो, लाइट तोडू नका, हिचा श्वास मशीनवर चालतो,' म्हणत तुम्ही त्याला ओटीपी वाचून दाखवलात. मी जागीच होते. त्यानं बँकेतलं खातं धुऊन नेलं, तेही सांगा यांना."