हवेतली कात्री

यंत्राचा हात मास्टरच्या स्वतःच्या हातावरच बांधला होता. खाली फळी, फळीवर त्याचा उजवा हात आणि त्याच्यावर काळ्या बोटांचा तो दुसरा. कोपराखाली दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि त्यांच्या वायरी टेबलावरच्या पडद्याला आणि वरच्या हाताला जोडल्या होत्या. खालच्या हाताची बोटं अपघातापासून मेलेलीच होती. चिमटा काढा, गरम पाणी ओता, त्यांना खबर नसायची.

हॉस्पिटलमधली आजची परीक्षा तशी सरळ होती. मास्टरच्या मनातलं वरच्या हाताने ऐकलं, तर खालचा हात पुढच्या आठवड्यात कापायचा आणि त्या जागी यंत्राचा बसवायचा. नाही ऐकलं, तर मेलेला हात गळ्यात अडकवून घरी जायचं आणि सलूनमधली आपली खुर्ची दुसऱ्या कारागिराला देऊन टाकायची.

"शाळेत नापास झालो की हातावर छडी बसायची," मास्टर म्हणाला. "इथे पास झालो तर हातच जाणार!"

डॉक्टर हसले. बायको हसली नाही. ती शेजारी उभी राहून फळी खालून तोलून धरत होती. त्या बोटांना रोज तेल लावणारी, त्यांची नखं कापणारी तीच. मास्टर जगभराची डोकी नीटनेटकी करत आला, त्याच्या नखांकडे मात्र बायकोलाच बघावं लागे.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच," ती पुटपुटली.

"मूठ मिटा, मास्टर," पडद्यासमोरची बाई म्हणाली. यंत्राचे हात जोडून देणं हे तिचं काम. "मनातल्या मनात मिटा."

मास्टरने मिटली. म्हणजे त्याच्या मते मिटली. खांदा कानाला लागला, मानेच्या शिरा टरारल्या, कपाळावर घाम आला. पडद्यावरच्या दोन्ही रेघा एकदम उसळल्या आणि वरचा हात ढिम्म.

"इतका जोर नको. एका वेळी एकच रेघ वर यायला हवी. दोन्ही ओढल्या तर बिचाऱ्या हाताला कळत नाही, मिटायचं की उघडायचं."

पुन्हा तेच. मग पुन्हा तेच. मास्टरचा सदरा पाठीला चिकटला. शेवटी डॉक्टर आपलं स्टूल ओढून त्याच्यासमोर येऊन बसले. पांढऱ्या केसांचा, थकलेला माणूस. त्यांनी मास्टरच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सगळ्यांना जमतंच असं नाही. राहू द्या. हात आहे तसा ठेवू."

बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. तिला हेच तर हवं होतं. आता नुसतं गप्प राहायचं होतं, बस. पण तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. हा दिवसभर बडबड करणारा माणूस जमिनीकडे बघत बसला होता आणि त्याला एकही शब्द सुचत नव्हता.

"त्यांना मूठ मिटायला सांगू नका," ती म्हणाली. "जन्मात कधी कुणावर मूठ उगारली नाही त्यांनी, कुठून जमणार? अहो, कात्री चालवा. ती हवेतली."

बाईला काही कळलं नाही. मास्टरला कळलं. गिऱ्हाईकाचे केस कापताना कात्री केसांत एकदा चालते आणि हवेत चारदा. त्याने काही कापलं जात नाही, पण हात थांबत नाही, आणि खुर्चीतल्या माणसालाही वाटतं, काम जोरात चाललंय. त्यासाठी कुणी जोर लावत नाही. मास्टरही कधी लावत नसे.

त्याने डोळे मिटले. खांदे खाली आले. पडद्यावर एक रेघ वर गेली आणि उतरली. मग दुसरी.

वरचा हात मिटला. उघडला. मिटला. उघडला.

बारीक घरघर करत काळा अंगठा बोटांना भेटत होता आणि सुटत होता, अगदी त्याच लयीत. बाईने तोंडावर हात ठेवला होता. असे कितीतरी हात तिने स्वतः जोडले होते, तरीसुद्धा. बायकोच्या तळव्यावर खालचा हात तसाच गार पडला होता, त्याला पुसटशीही हालचाल नव्हती. तिच्या अंगावर काटा आला. या हातात इतके दिवस कुणीतरी जागं होतं, आणि रोज तेल लावूनही तिला पत्ता लागला नव्हता.

"अगं बाई," ती एवढंच म्हणाली.

आता कात्री चालू झाली म्हटल्यावर मास्टरचं तोंड कसलं बंद राहतंय! डोळे उघडले तर समोर डॉक्टरांचं डोकं.

"काय हे डॉक्टर, कॉलरवर आलेत केस! घरी कुणी बोलत नाही वाटतं? मान जरा खाली घ्या."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. पण डॉक्टरांनी स्टूल आणखी पुढे ओढलं आणि मान खाली घातली. बायकोने फळी वर उचलली. त्या पांढऱ्या केसांवर काळी बोटं मिटू-उघडू लागली. त्यांच्यात कात्री नव्हती आणि एक केसही कापला जात नव्हता.

"मास्टर," खाली बघतच डॉक्टर म्हणाले, "मग काढायचा ना हा खालचा?"

मास्टरने बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. तिने होकारार्थी मान हलवली.

"काढा," मास्टर म्हणाला. "पण आत्ता हलू नका."