शिल्लक एक जोड

आमच्या मोठ्या दुकानात प्रत्येक वस्तूला बारीक चिप चिकटवलेली असते. हातातलं मशीन ती हुडकून काढतं. वस्तू लांब असली की सावकाश टिकटिकतं, जवळ आली की घाई करतं.

त्या सकाळी दुकान उघडायच्या आधी मशीनवर एक ओळ आली. मी अक्षराला अक्षर लावून वाचली: लाल बूट, लहान मुलीचे, शिल्लक एक जोड.

"बाई, हे बूट यायचे बंद होऊन सहा वर्षं झाली," मी सुपरवायझरबाईंना म्हणालो.

"काका, तुमचे डोळे चुकतील, मशीन नाही चुकत. जा बघू, नाहीतर मला वरून बोलणी बसतील."

शेवटचा जोड मीच घेतला होता, माझ्या छकुलीसाठी. ती गेली तेव्हा तिच्या पायांतून तो कुणाला काढू दिला नाही.

मी बुटांच्या रांगेत शिरलो. खोकी हलवली, मागे हात घातला, रॅकखाली वाकून पाहिलं. काही नव्हतं. टिकटिक मात्र चालूच होती, म्हणून मी मधोमध थांबलो.

मी हललो नाही. मशीनही हलवलं नाही. तरी टिकटिक वाढत गेली, कुणी धावत यावं तशी.

"सापडले का हो, काका?" बाईंनी लांबून विचारलं.

आवाज आता अखंड झाला होता. बुटाची नाडी सुटली की छकुली अशीच धावत माझ्यापुढे येऊन उभी राहायची.

मी खाली बसलो आणि हात पुढे केला.