कुंपणापलीकडचा इशारा

ठोकळा जमिनीपासून पुरुषभर उंचीवर होता आणि सून बरोबर चालली होती. कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभ्या असलेल्या सासूबाईंना हे कळायला कुठल्या साहेबाची गरज नव्हती. दोन टनांचा सिमेंटचा ठोकळा, पण क्रेनच्या हुकाला असा शांत लटकत होता की त्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला असता तरी थेंब सांडला नसता.

परीक्षा क्रेन चालवण्याच्या परवान्याची होती. तीन खांब चुकवायचे आणि ठोकळा पांढऱ्या वर्तुळात उतरवायचा, बारा मिनिटांत. सुनेची ही तिसरी आणि तूर्तास शेवटची खेप. आज हुकलं की दोन वर्षं पुन्हा बसता येणार नव्हतं, आणि कारखान्यातली जागा तिच्यासाठी महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवली होती.

हे सगळं सासूबाईंना तोंडपाठ होतं, कारण गेले दोन महिने घरचं स्वयंपाकघर म्हणजे क्रेनचं मैदानच झालं होतं. सून स्टुलावर बसून दोन हातांत दोन पळ्या धरायची, ते तिचे क्रेनचे दांडे. सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून इशारे द्यायच्या. भाजी करपली तरी चालेल, इशारा चुकता कामा नये, असा खाक्या होता.

"इशारे नेमलेल्या माणसाचेच घ्यायचे," सुनेने समजावलं होतं. "पण थांबाचा इशारा कोणीही करू दे, अगदी रस्त्याने जाणाऱ्याने, तो पाळायचाच."

"आणि त्याने उगाच केला तर?"

"तरी थांबायचं, आई. आधी थांबायचं, मग विचारायचं."

दोन खांब पार पडले. तिसरा खांब आणि त्यापुढे वर्तुळ, एवढंच राहिलं होतं. सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि सहज त्यांची नजर खाली, क्रेनच्या पायाकडे गेली.

क्रेन चार बाजूंना चार लोखंडी पाय पसरून उभी होती आणि प्रत्येक पायाखाली जाड फळी होती. सकाळी सुनेने चारही फळ्या टाचेने ठोकून पाहिल्या होत्या, तेव्हा जमीन खडखडीत होती. मधल्या वेळात कोणीतरी कुंपणालगतचा नळ उघडा टाकून गेलं होतं. पाणी ओघळत ओघळत थेट मागच्या पायाखाली शिरलं होतं. फळी एका बाजूने बोटभर खचली होती. सासूबाई बघत असतानाच ती दोन बोटं झाली.

केबिनमधून कुंपण दिसत होतं, पण खालचा तो पाय दिसत नव्हता. परीक्षक आणि इशारेवाला पलीकडच्या बाजूला होते आणि दोघांचे डोळे ठोकळ्यावर होते. ओरडून उपयोग नव्हता, इंजिनाच्या घरघरीत कोणालाच ऐकू गेलं नसतं. हात केला तर सून थांबणार, वेळ जाणार. बाहेरच्या माणसाने लुडबूड केली म्हणून परीक्षाच रद्द केली तर? दोन महिन्यांची मेहनत आपल्याच हाताने मातीत घालायची? आणि आपली नजरच चुकत असली तर?

फळीच्या कडेने चिखलाचा एक बुडबुडा वर आला.

सासूबाई जाळीपासून दोन पावलं मागे सरल्या, दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत ताठ पसरले आणि जोरजोरात हलवले.

ठोकळा जागच्या जागी थांबला. जरासा झुलला आणि स्थिर झाला. सुनेचे दोन्ही हात दांड्यांवरून उचललेले काचेतून स्पष्ट दिसले.

परीक्षक तावातावाने केबिनखाली आला. "इशारे देणारा इकडे उभा आहे. तू कोणाचं बघून थांबलीस?"

"थांबाचा इशारा होता, साहेब."

"केला कोणी, ते पाहिलंस?"

"नाही. हात दिसले."

परीक्षकाने कुंपणाकडे डोळे वटारले. सासूबाईंनी मागच्या पायाकडे बोट दाखवलं. तो क्रेनला वळसा घालून मागे आला, फळीपाशी उकिडवा बसला आणि हातातलं पेन मातीत खुपसलं. पेन टोपणापर्यंत आत गेलं. मग त्याने मान वर करून ठोकळ्याकडे पाहिलं आणि त्याच्या शेजारी मघाशी स्वतः जिथे उभा होता त्या जागेकडेही.

नळ त्याने स्वतःच जाऊन बंद केला. ठोकळा होता तिथेच अलगद उतरवून घेतला, पाय कोरड्या जागी हलवून फळ्या नव्याने लावायला लावल्या. मग घड्याळ वर धरून सुनेला म्हणाला, "तू थांबलीस तेव्हाच हे थांबवलंय. साडेतीन मिनिटं आहेत तुझ्याकडे. चल."

तिला दोनच पुरली. ठोकळा वर्तुळाच्या अगदी मधोमध टेकला, टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. परीक्षकाने तिथेच कागदावर सही केली आणि पास म्हणून तो सुनेच्या हातात दिला. सासूबाईंचा ऊर असा भरून आला की जाळी धरूनच उभं राहावं लागलं. आपली सून, एवढं धूड चालवते आणि एका इशाऱ्यासरशी जागच्या जागी थांबवते.

परीक्षक कुंपणापाशी आला. आता आवाज खाली आला होता. "तुम्ही आई का हिच्या?"

"सासू," त्यांनी डोळे पुसले. "अकरा वर्षं हिला थांब, थांब म्हणतेय. आज पहिल्यांदा थांबली. आणि काय थांबली, साहेब."