पेन्सिलीखालचा गाल

आईच्या गालावर पेन्सिल चमकली.

तिने आईच्या फोटोची निगेटिव्ह खिडकीपाशी नेऊन पुन्हा तिरपी धरली. दोन्ही गालांवर, नाकावर, हनुवटीच्या मधोमध शिशाच्या बारीक रेघांची दाट जाळी होती. हात बाबांचाच. बाबांचा फोटो स्टुडिओ आज कायमचा बंद होत होता आणि ती खोकी भरायला आली होती. तिने लिफाफ्यातून दुसरी निगेटिव्ह काढली, मग तिसरी. सगळ्यांवर तीच जाळी.

हे काम तिने लहानपणी तासन्‌तास पाहिलं होतं. शाळा सुटली की ती दप्तरासकट बाबांच्या टेबलाशी येऊन बसायची. दुधी काच, काचेखाली दिवा, काचेवर निगेटिव्ह आणि पॉलिशपेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल. कातडीवरचा लाल डाग फोटोत काळपट उमटतो. निगेटिव्हमध्ये तीच जागा नितळ असते. तिथे पेन्सिल फिरवली की फोटोतला डाग गेला. “हेडमास्तरांच्या हनुवटीवरचा मस मी वीस वर्षं उडवतोय,” बाबा म्हणायचे. “रस्त्यात भेटले की मीच दचकतो.” ती हसायची. तापलेल्या दिव्याचा आणि फोटो धुण्याच्या औषधाचा आंबूस वास तिच्या गणवेशाला लागायचा. तो तिला आवडायचा.

सोळाव्या वर्षी तिचे गाल पेटले. आधी उन्हाने, मग तिखटाने, मग कशानेही. डॉक्टर म्हणाले, रोझेशिया, गाल लाल करणारा कातडीचा विकार. बरा होत नाही, सांभाळावा लागतो. घरात आणखी कुणाला आहे का, असं त्यांनी विचारलं. “कुणालाच नाही,” ती म्हणाली. बाबा शेजारी बसून होते. ती पाच वर्षांची असताना आई तापाने गेली होती, पण भिंतीवरच्या फोटोत आईचा चेहरा सायीसारखा होता. खरीखुरी अशी तिची एकच आठवण होती: आईने उचलून घेतलंय, गालाला गाल लावलाय, आणि तो गाल कढत आहे. ती आठवण आईच्या शेवटच्या आजारपणातली असणार, असं ती धरून चालली होती.

त्याच वर्षी शाळेच्या फोटोच्या वेळी तिने बाबांना सांगितलं, “माझ्यावर पेन्सिल फिरवा.”

“तुझ्यावर नाही.”

“अख्ख्या गावाला सुंदर करता, आणि पोटच्या पोरीला?”

“नाही म्हटलं ना.”

त्यानंतर ती त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसली नाही. लग्नाचे फोटोसुद्धा दुसऱ्या स्टुडिओत काढले. बाबा तिथे पाहुण्यांसारखे हात मागे बांधून उभे राहिले होते. चोवीस वर्षं झाली. ती चेहरा सांभाळायला शिकली. वहीत तारीख, कारण, लाली किती तास टिकली. चहा कोमट. छत्री बारा महिने. सकाळी मलम, त्यावर लाली दाबणारा हिरवट लेप, त्यावर कातडीच्या रंगाचा. अकरा मिनिटं लागायची. नवऱ्यानेही तिला लेपाशिवाय फारसं पाहिलं नव्हतं.

आज बाबांनी कॅमेरा स्टँडवर चढवून ठेवला होता. शेवटचा फोटो तुझा काढतो, म्हणाले होते. “बघू,” ती म्हणाली होती. ते ‘नाही’च होतं, आणि दोघांनाही ते कळत होतं.

“बाबा, हे काय?”

बाबांनी तिच्या हातातल्या निगेटिव्हकडे पाहिलं. चष्मा लावायची गरज त्यांना पडली नाही.

“तुझ्यापेक्षा जास्त होतं तिला,” ते म्हणाले. “पहाटे सगळ्यांच्या आधी उठून पावडर थापायची. शेजारीण विचारायची, वहिनी, पावडर लावून झोपता की काय? मला शपथ घातली होती. कुणाला कळता कामा नये. पोरीलासुद्धा.”

“डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तरी सांगायचं!”

“ओठांवर आलं होतं गं. चुकलंच माझं.”

“आणि मला का नाही पुसलंत? तिला तर पुसलंत.”

बाबा पेन्सिलींचा डबा उघडझाक करत राहिले.

“दर फोटोत पुसलं. खूश व्हायची. ती गेली, आणि तिचा चेहरा आठवायला बसलो की डोळ्यांपुढे यायचा तो मी बनवलेला. तिचा येईचना. अकरा वर्षं अशी काढली. मग एक दिवस तू उन्हातून घरात आलीस, गाल लालबुंद, आणि मला ती दिसली. त्यावर पेन्सिल फिरवू?”

ती उठली. डार्करूमच्या नळाखाली तिने तोंड धुतलं. कातडीच्या रंगाचा थर गेला, मग हिरवा. टिपून कोरडं केलं आणि येऊन स्टुलावर बसली.

बाबांनी मोठा दिवा लावला आणि लगेच त्यांचा हात बटणावर थबकला. “याच्या धगीने भडकेल.”

“भडकू दे. काढा तुम्ही.”

ते कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली गेले. दिव्याची धग चेहऱ्यावर आली. नेहमीच्या सवयीने, वहीत किती लिहायचं ते पाहायला, तिने तळहात गालाला लावला.

गाल कढत होता. आठवणीतला तोच.

म्हणजे तो ताप नव्हता. त्या दिवशी आई बरी होती.