इनिशियलची जागा

“अज्जी, माझे अप्पा यात मावत नाहीत!” धनुष ओरडला आणि विठ्ठल मंदिराच्या माडीवरचा सगळा वर्ग हसला.

विभावरीबाईंनी त्याच्या खांद्यावरून संगणकाच्या पडद्याकडं पाहिलं. पठ्ठ्यानं ‘दत्तोजीराव’ हे वडिलांचं अख्खं नाव एकेरी अवतरणचिन्हांत कोंबलं होतं.

“अरे, ही कॅरेक्टरची जागा. हिच्यात एकच अक्षर बसतं. अख्खं नाव हवं तर स्ट्रिंग घे, दुहेरी चिन्हांतली. तिथं अप्पा, तात्या, सगळं खानदान बसव. इथं नुसता डी.”

“आय्तु अज्जी, बरं,” म्हणत धनुषनं डी ठेवून बाकीचे अप्पा पुसून टाकले.

“आणि दोन नावांमधली मोकळी जागा?” अनुषानं विचारलं.

“स्पेस? तेही एक कॅरेक्टरच. दिसत नाही म्हणून नाही असं नसतं.”

रविवारी इथल्या मराठी समाजाचा मेळावा होता. मुलांनी छातीवर लावायचे बिल्ले मुलांनीच लिहिलेल्या प्रोग्रॅममधून छापायचे, ही विभावरीबाईंचीच हौस. शाळेतून निवृत्त होऊनही त्यांची शिकवायची खाज गेली नव्हती. बिल्ल्यावर म्हैसूरच्या रीतीप्रमाणं आधी वडिलांचं अक्षर, मग टिंब, मग आपलं नाव.

शेवटच्या बाकावर त्यांची नात गुंजन हाताची घडी घालून बसली होती. तिच्या पडद्यावर लाल रेघ उमटली होती. नाव नीट होतं. इनिशियलची दोन अवतरणचिन्हं मात्र एकमेकांना चिकटलेली, मधे काहीच नाही.

“बाबांचा एन राहिला की गं.”

“बेडा. नको मला तो.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “आईचा के घालू?”

विभावरीबाईंनी मागं वळून पाहिलं. कुणी ऐकलं नव्हतं. “रविवारी सगळी माणसं असतात, बाळा. चार जण विचारतील, चार जण हसतील. आपल्यात बापाचंच अक्षर लावतात.”

“मग रिकामं ठेवते.”

“रिकामं चालत नाही.” हे त्यांना समजावून सांगता येण्यासारखं होतं. त्यांना जरा बरं वाटलं. “बघ, स्ट्रिंग रिकामी चालते. पिशवीच ती, आत काही नसलं तरी पिशवी असते. कॅरेक्टरला मात्र नेमकं एक काहीतरी लागतंच. नाहीतर प्रोग्रॅम पुढं सरकत नाही.”

गुंजननं पडद्यावरची नजर काढली नाही. “त्या बाळालापण एनच लागणार, अल्वा? हो ना?”

“कुठल्या बाळाला?”

“मंगळवारी तू कृष्णराजनगरला जाते म्हणालीस, पण तिकडं नव्हती गेलीस, अज्जी. बाबांच्या नव्या घरी बारशाला गेली होतीस. तू पाळणा म्हणतेस तो व्हिडिओ त्यांनी स्टेटसला टाकलाय.”

विभावरीबाईंचा हात बाकाच्या कडेवर गेला.

“आईनं दोनदा बघितला,” गुंजन म्हणाली. “मग म्हणाली, अज्जींचा आवाज अजून छान लागतो. आणि उठून मशीनवर शिवायला बसली.”

“निनाद माझा मुलगा आहे गं,” विभावरीबाई म्हणाल्या. “आणि ते लेकरू...”

“असू दे की. लेकराला दे एन. मी कुठं नको म्हटलं?”

विभावरीबाई फळ्याकडं गेल्या आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसू लागल्या. मागं एकच कळ दाबल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं प्रिंटर घरघरू लागला.

बिल्ले गोळा करणारी सहना मधेच थांबली. “अय्यो अज्जी, गुंजनचा बिल्ला बिघडला. इनिशियल आलंच नाही, नुसतं टिंब आलंय. शाई संपली काय?”

“शाई आहे,” गुंजन म्हणाली. “मी स्पेस घातलीय. तेही कॅरेक्टरच असतं.”

“दुसरा छापू या की,” विभावरीबाई घाईनं म्हणाल्या.

“कशाला? प्रोग्रॅम चालला ना?”

तिनं सहनाच्या हातातून बिल्ला घेतला. आधी कोरी जागा, मग टिंब, मग गुंजन. बिल्ला आणि पिन तिनं आजीच्या तळहातावर ठेवली आणि छाती पुढं करून उभी राहिली.

“लाव,” ती म्हणाली. “सरळ लाव.”