खिडकीसमोरची भिंत

सावेडीत शेजारच्या मोहियोद्दीनने बंगल्याच्या बाजूच्या भिंतीला सिमेंट बोर्ड लावायला घेतले आणि दत्तोपंतांच्या पोटात दुखू लागलं. रस्त्याकडची भिंत पोपडे आलेली तशीच, आणि थाट सगळा यांच्या खिडकीसमोर! मुद्दाम जळवायला. फैयाज कारागिराने कापलेल्या कडा अशा घासल्या होत्या की दोन बोर्डांमधली फट शोधून सापडेना. त्यात वर्षभर अंथरुणाला खिळलेली अंबिका, यांची सख्खी बायको, तीही तिकडेच कौतुकाने बघत पडलेली!

शेवटी ते कुंपणाशी जाऊन फैयाजवर खेकसले, "दर्शनी भाग सोडून इकडे कशाला? ही बाजू बघतंय कोण?"

"मीपण हेच विचारलं," फैयाज म्हणाला. "भाई म्हणाले, रस्त्यावरची माणसं घडीभर बघतात. वहिनींना दिवसभर ही एकच भिंत दिसते."