जानेवारीतलं रौप्यपदक

एक जानेवारीला सकाळीच क्रीडा अधिकारी पोतनीस बँडबाजा घेऊन तालमीत शिरले, तेव्हा तेजल मगदूम आखाड्याच्या मातीत ताक कालवत होती. देशाच्या येत्या वर्षभराच्या क्रीडा कामगिरीचा अहवाल आला होता. सरकारच्या भाकीत करणाऱ्या यंत्राने खेळाडूंच्या नाडीपासून झोपेपर्यंत सगळं मोजून एकेचाळीस पदकं आधीच वाटून टाकली होती. तिरंदाजीचं सुवर्ण तर अशा बाईंना मिळालं होतं, ज्यांनी अजून धनुष्यही विकत घेतलं नव्हतं. तेजलच्या वाट्याला कुस्तीचं रौप्य आलं होतं.

“साहेब, स्पर्धा ऑक्टोबरात आहे,” ती म्हणाली.

“होती. निकाल ठाऊक असताना तिकडं जाऊन हाडं कशाला मोडून घ्यायची?”

“पण अंतिम कुस्तीत ती मंगोलियाची पोरगी मला पाडणार कशी?”

“चौथ्या मिनिटाला, डावा पाय धरून. यंत्र आजवर चुकलेलं नाही, बाई.”

“मग डावा पाय जपते की. एकदा लढू तरी द्या.”

“आणि देशाचा अहवाल खोटा पाडू? जग हसेल आपल्याला.”

तेजलने दातओठ खात कुदळ आपटली. “बरं, पुढच्या वर्षी तरी?”

पोतनीसांनी पान उलटलं. “पुढच्या वर्षी तुमची निवृत्ती आहे. म्हणून तर शाल जरा जाड आणलीय. दोन्ही सत्कार एकदमच उरकू.”